सूचनापत्रक कसं लिहावं आणि कसं मांडावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या पंपरूममधला कागद, शेतावर फवारणीच्या आधी वाचायचं पत्रक, दवाखान्यातून घरी जाताना हातात मिळणारी चिठ्ठी, शाळेच्या प्रयोगशाळेतला तक्ता, कार्यालयात मशीनशेजारी चिकटवलेलं पान. अशी पत्रकं लिहिणारे लोक जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे घेतले आहेत. आपल्याला विषय माहीत आहे, फक्त तो दुसऱ्याला कागदावरून करता यावा असं लिहायचं आहे, हे गृहीत धरलं आहे.

सगळं नीट लिहिलेलं असतं, तरी लोक सूचना पाळत का नाहीत?

बहुतेक वेळा लोक सूचना पाळतात, पण मधली एखादी पायरी त्यांच्याकडून सुटते. सूचनापत्रक कोणी बातमीसारखं बसून वाचत नाही. एक ओळ वाचायची, मान वळवून काम करायचं, परत कागदाकडे बघायचं, असं ते चालतं. एक हात गुंतलेला असतो, कधी ओला असतो, कधी हातमोज्यात असतो. दर वेळी नजर कागदावर परतली की ‘मी कुठे होतो?’ हे एका क्षणात कळलं पाहिजे. सलग परिच्छेदात ती जागा सापडत नाही. मग वाचणारा अंदाजाने एक ओळ खाली जातो आणि नेमकी तीच पायरी राहून जाते.

पुढे अक्षर, अंतर, आकडे, चित्र यांबद्दल जे सांगितलं आहे, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे: नजर परत आली की आपली ओळ सापडावी.

एका पायरीत किती लिहायचं?

एक कृती. ती करायला हात जिथे थांबतो, तिथे पायरी संपते.

मराठीत इथे एक खास अडचण येते. ‘-ऊन’ लावून आपण कितीही कृती एका वाक्यात ओवू शकतो आणि ते वाक्य कानाला छानच लागतं. पंपरूममध्ये नेहमी दिसणारा हा नमुना बघा:

‘टाकीतील पाण्याची पातळी तपासून, संबंधित व्हॉल्व उघडून, मेन स्विच चालू करून पंप सुरू करण्यात यावा व टाकी भरल्यावर त्वरित बंद करावा. पाण्याशिवाय पंप चालवू नये.’

व्याकरणात काही चूक नाही. पण यात निदान पाच कामं आहेत आणि पहिली तीन ‘-ऊन’मध्ये दडली आहेत. वाचणाऱ्याची नजर शेवटच्या क्रियापदावर जाते, म्हणजे ‘पंप सुरू करा’वर. पातळी तपासायचं राहतं. शिवाय पातळी तपासायची म्हणजे नक्की काय बघायचं, ‘संबंधित’ म्हणजे कुठला व्हॉल्व, पाणी नसेल तर काय करायचं, यांपैकी एकाचंही उत्तर कागदावर नाही. तेच असं मांडता येईल:

१. खालच्या टाकीचं झाकण उघडा. पाणी लाल खुणेच्या वर आहे का बघा.
खुणेच्या खाली असेल तर: पंप सुरू करू नका. सेक्रेटरींना फोन करा.
२. निळा व्हॉल्व उघडा. (दांडा पाइपच्या रेषेत = उघडा. दांडा पाइपला आडवा = बंद.)
३. स्टार्टरचं हिरवं बटण दाबा.
४. प्रेशर गेजकडे बघा.
१ मिनिटात काटा हलला नाही तर: लाल बटण दाबा. सेक्रेटरींना फोन करा.
५. ‘टाकी भरली’ दिवा लागला की लाल बटण दाबा.
६. निळा व्हॉल्व बंद करा.

‘पाण्याशिवाय पंप चालवू नये’ हे वाक्य वेगळं उरलेलंच नाही. ते पहिल्या आणि चौथ्या पायरीत गेलं, जिथे ते उपयोगी पडतं. पंप कोरडा चालला की आतलं सील तापून खराब होतं, हे कारण कागदावर लिहायची गरज नाही. वॉचमनला समजावताना ते एकदा तोंडी सांगा.

लिहून झाल्यावर साधी तपासणी करा: प्रत्येक पायरीत ‘-ऊन’ आणि ‘व’ शोधा. सापडला की पायरी तोडता येते का बघा. ‘झाकण फिरवून काढा’ चालेल, तिथे कृती एकच आहे. ‘झाकण काढून, गाळणी धुवून बसवा’ म्हणजे तीन पायऱ्या.

आकडे कधी द्यायचे आणि ठिपके कधी?

क्रम बदलला तर काम बिघडत असेल, तिथे आकडे. क्रमाला महत्त्व नसेल, तिथे ठिपके: लागणारं सामान, बरोबर आणायची कागदपत्रं. ठिपक्यांत कृती लिहू नका.

पायऱ्या पंचवीस-तीस झाल्या तर?

सात-आठ पायऱ्यांचे गट करा आणि प्रत्येक गटाला कामाचं नाव द्या: ‘तयारी’, ‘मिश्रण’, ‘फवारणी’, ‘नंतरची स्वच्छता’. आकडे मात्र गटागणिक १ पासून सुरू करू नका, शेवटपर्यंत सलग चालू द्या. फोनवर कोणी ‘मी चारवर अडकलोय’ म्हणालं, तर कुठल्या चारवर, हा प्रश्न उरायला नको.

उपपायऱ्यांना अ, ब, क देता येतं, पण एकाच पातळीपर्यंत. ‘३ (ब) (२)’ अशी वेळ आली तर ते वेगळं पत्रक व्हायला हवं.

इशारा वर लिहायचा, खाली लिहायचा की चौकटीत?

ज्या पायरीवर धोका आहे, तिच्या लगेच आधी. पानाच्या तळाशी ‘महत्त्वाच्या सूचना’ म्हणून दिलेल्या ओळी काम उरकल्यावर वाचल्या जातात. पानाच्या माथ्यावर दहा इशारे असतील तर ते एकत्र ओलांडले जातात. माथ्यावर फक्त तेच घ्या, जे सुरुवातीपासून शेवटपर्यंत लागू आहे, जसं ‘हातमोजे आणि मास्क घाला’.

‘झाकण उघडा. त्याआधी मेन स्विच बंद करायला विसरू नका.’ ही रचना फार आढळते आणि ती धोक्याची आहे. वाचणारा पहिलं वाक्य वाचून झाकणाला हात घालतो. जे आधी करायचं ते आधी लिहा.

आणखी एक बारकावा. मराठीत नकार वाक्याच्या अगदी शेवटी येतो. ‘टाकीत उतरण्यापूर्वी झाकण अर्धा तास उघडं ठेवल्याशिवाय आत वाकून पाहू नका’ या वाक्यात शेवटचा शब्द खालच्या ओळीत गेला, तर वरच्या ओळीचा अर्थ उलटा लागतो. म्हणून मनाईची वाक्यं पाच-सहा शब्दांचीच ठेवा आणि ‘नका’ एकटं खाली पडू देऊ नका. वर्डमध्ये ‘पाहू’ आणि ‘नका’ यांच्यामध्ये साध्या स्पेसऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबलं, तर ते दोन शब्द एकाच ओळीत राहतात.

‘करा’, ‘करावे’ की ‘करण्यात यावे’?

‘करा’. ‘करण्यात यावे’मध्ये कोणी करायचं तेच कळत नाही. ‘करावे’ वाचून ते सक्तीचं आहे की नुसती शिफारस, असा प्रश्न पडतो. ‘करा’ म्हटल्याने उद्धटपणा होत नाही. ‘कृपया’ हवं असेल तर पत्रकाच्या सुरुवातीला एकदा पुरे, प्रत्येक पायरीला नको.

मापं कशी लिहायची?

वाचणाऱ्याच्या हातात जे भांडं असेल, त्या मापात. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून दोन उदाहरणं तपशिलात बघू.

पहिलं फवारणीचं. कीटकनाशकाच्या माहितीपत्रकात मात्रा सहसा हेक्टरी दिलेली असते, दुकानदार एकरी बोलतो आणि शेतकऱ्याच्या पाठीवर १५ किंवा १६ लिटरचा पंप असतो. हेक्टरी १००० मिली औषध ५०० लिटर पाण्यात, असं लिहिलेलं असेल तर ते लिटरला २ मिली झालं, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. हा हिशेब बांधावर उभं राहून वाचणाऱ्याने करायचा नसतो, लिहिणाऱ्याने आधीच करून द्यायचा असतो. ‘१५ लिटरच्या पंपाला ३० मिली, १६ लिटरच्या पंपाला ३२ मिली’ असं थेट लिहा. ‘एक झाकण’ हे माप कधीच देऊ नका, कारण प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळ्या आकाराचं असतं. मापाचा कप वापरायला सांगा आणि त्याची कुठली रेघ, तेही लिहा.

दुसरं ओआरएसचं. बाजारात १ लिटर पाण्यासाठीची मोठी पाकिटं मिळतात आणि २०० मिलीसाठीची लहानही मिळतात. चिठ्ठीवर नुसतं ‘ओआरएस द्या’ किंवा ‘पाकीट पाण्यात विरघळवा’ लिहिलं, तर घरी मोठं पाकीट एका पेल्यात ओतलं जाऊ शकतं. ते पाणी फार खारट होतं आणि लहान बाळाला त्याचा अपाय होतो. लिहायचं ते असं: ‘पाकिटावर १ लिटर लिहिलं आहे का बघा. पूर्ण पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात एकदम मिसळा. पाणी २४ तासांत संपलं नाही तर फेकून द्या.’ पाकीट नसेल तेव्हासाठी: १ लिटर पाणी, साखर ६ चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा, ५ मिलीचा, आणि शीग न लावता सपाट भरलेला. ‘सपाट’ हा शब्द गाळला तर मीठ सहज दीडपट-दुप्पट होतं.

एरवी लक्षात ठेवायच्या काही गोष्टी:

- ‘थोडं’, ‘योग्य प्रमाणात’, ‘आवश्यकतेनुसार’ आलं की थांबा. आकडा देता येत नसेल तर खूण द्या: ‘फेस येणं थांबेपर्यंत’, ‘रंग फिका होईपर्यंत’.
- ‘०.५ चमचा’ नको, ‘अर्धा चमचा’ लिहा. कागद चुरगळला की दशांश चिन्ह दिसत नाही आणि ०.५ चे ५ होतात.
- सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे शब्द नेमके आहेत, पण सगळ्याच तरुण वाचकांना झटकन कळत नाहीत. शब्द आणि आकडा दोन्ही द्या: ‘अडीच (२.५) लिटर’.
- आकडा आणि एकक एकाच ओळीत ठेवा. त्यासाठीही वर सांगितलेली न तुटणारी स्पेस वापरा.
- ‘रात्री १२’ लिहू नका. तारीख कुठली, यावर दोन मतं होतात. ‘रविवारी रात्री ११:५५’ लिहा. ‘परवा’ही नको, तारीख द्या.

फॉन्ट कुठला, अक्षर केवढं?

साधा, सारख्या जाडीचा युनिकोड फॉन्ट घ्या. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही फुकट मिळतात आणि लहान आकारातही स्वच्छ दिसतात. बालू शीर्षकाला चांगला, पायऱ्यांना जड होतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांत बदलतो, म्हणून पाठवायची प्रत नेहमी पीडीएफ असू द्या.

हातात धरून वाचायच्या कागदाला १४ पॉइंट ठेवा. वाचणारे ज्येष्ठ असतील तर १६. भिंतीवरच्या कागदाला आमचा साधा हिशेब असा: वाचणारा जितके मीटर लांब उभा असेल, तितके गुणिले २४ पॉइंट. दोन मीटरवरून वाचायचं तर ४८. मग ए-फोर कागदावर फार थोडं मावतं. अशा वेळी अक्षर लहान न करता मजकूर कमी करा किंवा मोठा कागद घ्या.

ओळींतलं अंतर दीडपट ठेवा. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. दोन पायऱ्यांमधलं अंतर एकाच पायरीतल्या ओळींमधल्या अंतरापेक्षा उघडपणे जास्त हवं. पायरी दोन ओळींची असेल, तर दुसरी ओळ आकड्याखाली न येता मजकुराखाली यायला हवी, म्हणजे डावीकडे आकडे एकटे उभे दिसतात आणि नजरेला पकडता येतात.

दोन्ही कडा सरळ करू नका. डावी कडा सरळ, उजवी मोकळी. दोन्ही कडा ओढल्या की शब्दांमध्ये खड्डे पडतात. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

ठळक, अधोरेखित, तिरपं, लाल: काय वापरावं?

ठळक वापरा, पण पानावर पाच-सहा ठिकाणीच: बटणाचं नाव, माप, ‘नका’. सगळंच ठळक केलं तर काहीच उठून दिसत नाही. शब्दाखाली रेघ ओढू नका, ती उकार आणि ऋकार कापत जाते, आणि ‘कु’ आहे की ‘कू’ हे कळेनासं होतं. तिरपी अक्षरं देवनागरीत वाचायला जड जातात. इशाऱ्याची सगळी मदार लाल रंगावर ठेवू नका. झेरॉक्स काढली की लाल काळं होतं, आणि काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. इशाऱ्याला जाड चौकट करा, मग रंग हवा तर द्या.

आकडे १, २, ३ असे देवनागरीत लिहावेत की 1, 2, 3 असे इंग्रजीत?

मजकूर मराठी असेल तर देवनागरी आकडे शोभतात आणि वाचलेही जातात. अपवाद एकच: यंत्रावर, मीटरवर, रिमोटवर जे कोरलेलं आहे, ते जसं आहे तसंच कागदावर उतरवा. डोळ्यांनी दोन्ही जुळवायचे असतात. लहान आकारात १ आणि ९ यांची गल्लत होते, तेव्हा फोन नंबर आणि मात्रा मोठ्या अक्षरात छापा. काही फॉन्टमध्ये ल, श आणि ५, ८ यांची वळणं हिंदीची येतात. देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडा आणि एक पान छापून बघा.

फोटो घालावा की रेखाचित्र?

वस्तू ओळखायची असेल तर फोटो, कृती दाखवायची असेल तर रेखाचित्र. फोटो वाचणाऱ्याच्या बाजूने काढा. समोरून काढला तर डावं-उजवं उलटं होतं. बाणावर पायरीचाच आकडा टाका, चित्रासाठी वेगळे आकडे काढू नका. चित्र पायरीच्या शेजारी हवं. ‘पान ४ वरील आकृती पाहा’ लिहिलं, तर काम करता करता कोणी पान उलटत नाही.

आणीबाणीचं पत्रक वेगळं असतं का?

पूर्ण वेगळं. घाबरलेला माणूस चार-पाच ओळी वाचतो. कारणं नकोत, पर्याय नकोत, नियमांची कलमं तर नकोतच. गॅसचा वास आला तर:

१. विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. चालू नको, बंदही नको.
२. रेग्युलेटर बंद करा.
३. दारं-खिडक्या उघडा.
४. सगळे बाहेर या.
५. बाहेरून १९०६ ला फोन करा.

पहिली ओळ मनाईची आहे, कारण वास आल्यावर हात सवयीने आधी दिव्याच्या नाहीतर पंख्याच्या बटणाकडेच जातो. ‘बंदही नको’ मुद्दाम लिहायचं. नुसतं ‘चालू करू नका’ म्हटलं की माणूस चालू पंखा बंद करायला धावतो, आणि ठिणगी बटण बंद करतानाही पडते. ‘बाहेरून’ हा शब्दही गाळू नका.

व्हॉट्सॲपवर सूचना पाठवताना काय बघावं?

लांब संदेश मध्येच दुमडला जातो आणि पुढचं वाचायला दाबावं लागतं. तारीख, वेळ आणि काय करायचं, हे पहिल्या तीन ओळींत आणा. शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावली की तो ठळक होतो, फक्त चांदणी आणि शब्द यांत जागा सोडू नका. मजकुराचा फोटो काढून पाठवू नका. त्यातला नंबर नीट कॉपी करता येत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीला तिचा फोन तो वाचून दाखवेलच असं नाही. संदेश पुढे पाठवताना मागचे-पुढचे सुटतात, म्हणून एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकावर १/३, २/३, ३/३ टाका.

मराठी आणि हिंदी दोन्ही द्यायचं असेल तर?

एक ओळ मराठी, एक ओळ हिंदी, असं करू नका. दोन्हींची लिपी एकच, त्यामुळे नजर भरकटते. दोन वेगळे कागद किंवा दोन रकाने करा. आकडे आणि चित्रं तीच ठेवा, म्हणजे मराठी वाचणारा आणि हिंदी वाचणारा फोनवर ‘पायरी ४’ म्हणाले तर दोघांसमोर एकच गोष्ट असते.

कागद टिकत नाही. काय करावं?

इंकजेटची शाई पाणी लागलं की पसरते, लेझर प्रिंटची सहसा पसरत नाही. लॅमिनेशन करताना कागदाभोवती चारही बाजूंनी निदान ५ मिमी प्लॅस्टिक मोकळं ठेवा. टांगायचं भोक त्या मोकळ्या प्लॅस्टिकमध्ये पाडता येईल इतकी वरची पट्टी रुंद सोडा. भोक कागदातून गेलं की तिथून पाणी शिरतं आणि पावसाळ्यात कागद आतून काळा पडतो. ट्यूबलाइटखाली लावणार असाल तर चकचकीत प्लॅस्टिकऐवजी मॅट घ्या. आणि कागद कामाच्या जागी लावा. पंपाच्या सूचना नोटीस बोर्डवर असतील तर त्या तिथेच राहतात.

पत्रक चांगलं झालं की नाही हे कसं तपासायचं?

ते काम कधीही न केलेल्या तीन-चार जणांना, एकेकाला, कागद द्या आणि काम करायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा, पण बोलू नका. त्यांनी विचारलं तरी ‘कागदावर काय लिहिलंय?’ एवढंच म्हणा. बोट कुठे थांबतं, ओळ परत कुठे वाचली जाते, कुठली पायरी न वाचताच केली जाते, ते पेन्सिलीने तुमच्या प्रतीवर टिपा. दोघे एकाच जागी अडखळले तर तिथलं वाक्य बदला. ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, सगळे होच म्हणतात.

जिथे धोका आहे, जसं विजेचं काम, औषध किंवा रसायन, तिथे तपासणी खऱ्या वस्तूवर करू नका. पंप बंद ठेवून नुसतं बोट दाखवायला सांगा, औषधाच्या जागी साधं पाणी घ्या.

तारीख टाकायची का?

हो, खाली उजवीकडे लहान अक्षरात: बदलल्याची तारीख, आणि शंका आल्यास कोणाला विचारायचं ते पद. नाव नको, माणसं बदलतात. नवा कागद लावताना जुना काढून टाका. दोन कागद शेजारी राहिले तर वाचणारा बहुधा सवयीचा, म्हणजे जुनाच बघतो.